डिझेल ट्रकचा एअर फिल्टर कसा निवडावा : ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी

कळंबोलीत किंवा भिवंडीत पार्ट्सच्या दुकानात एअर फिल्टर मागितला की समोरून दोन प्रश्न येतात. गाडी कुठली? ओरिजिनल देऊ की लोकल? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यांत आधी यायला हवा : गाडी चालते कुठे? एकाच मॉडेलचे दोन ट्रक घ्या. एक न्हावा शेव्याहून माल उचलून भिवंडीच्या गोदामांत पोचवतो. दुसरा खाणीतून खडी भरून घोडबंदर रोडच्या बांधकामांवर ओततो. इंजिन तेच, फिल्टरचा पार्ट नंबरही तोच. पण दोन्ही फिल्टरांपुढे येणारी धूळ इतकी वेगळी आहे की पहिल्याला जो छान चालतो तो दुसऱ्याला पुरत नाही.

ज्यांच्या दोन-चार गाड्या आहेत, स्वतःचं वर्कशॉप नाही आणि दरवेळी मेस्त्री सांगेल त्यावर विसंबावं लागतं, अशा ट्रकमालकांसाठी हे लिहितो आहे. फिल्टर ही इंजिनाच्या खर्चातली अगदी लहान रक्कम आहे, पण रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) किती वर्षं टिकणार हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरतं.

आधी हिशेब : हवा किती आणि धूळ किती

एक लिटर डिझेलचं वजन साधारण ०.८३ किलो. ते पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या साडेचौदा पट हवा लागते, म्हणजे जवळपास १२ किलो. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहून बरीच जास्त हवा घेतं. त्यामुळे लिटरमागे १५ घनमीटर, म्हणजे १५ हजार लिटर हवा धरली तर फारसं चुकत नाही. दिवसाला १०० लिटर डिझेल पिणारी गाडी त्या दिवसात १,५०० घनमीटर हवा फिल्टरमधून ओढते.

आता धूळ. २००९ च्या राष्ट्रीय हवा मानकांत पीएम-१० (१० मायक्रॉन आणि त्याहून बारीक) कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. त्या हवेत चालली तर गाडीच्या तोंडाशी दिवसभरात ०.१५ ग्रॅम धूळ येईल. खाणीत, भरावाच्या साइटवर, पुढच्या डंपरच्या मागोमाग कच्च्या रस्त्यावर हवा कितीतरी पट मळकी असते. समजा घनमीटरमागे १० मिलिग्रॅम धूळ आहे. मग दिवसाला १५ ग्रॅम आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर ३७५ ग्रॅम.

या ३७५ ग्रॅमपैकी ९९.९ टक्के अडवणारा फिल्टर इंजिनात ०.४ ग्रॅमच्या आत धूळ सोडेल. ९९.५ टक्केवाला जवळपास १.९ ग्रॅम सोडेल आणि ९९ टक्केवाला पावणेचार ग्रॅम. दुकानात '९९ टक्के' आणि '९९.९ टक्के' हे आकडे एकसारखे वाटतात, पण आत जाणाऱ्या धुळीत दहा पटींचा फरक पडतो. म्हणून फिल्टर किती अडवतो यापेक्षा किती सोडतो हे विचारा.

सगळ्यांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण रिंग आणि लायनर यांच्यामधल्या ऑइलच्या पातळ थरात नेमके बसतात आणि व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतात. आधी वरची रिंग जाते, मग ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर वाढतो, गाडी ऑइल खायला लागते, पिकअप पडतो. बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाच्या) गाडीत त्याच्या पुढचंही नुकसान आहे. जळलेल्या ऑइलची राख डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळीच्या फिल्टरमध्ये) साठते आणि रिजनरेशन (साठलेली काजळी तापवून जाळणं) कितीही झालं तरी राख जळून जात नाही. टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) कॉम्प्रेसर चाकाच्या पात्यांच्या कडा धुळीने झिजतात ते वेगळंच.

पहिली पायरी : गाडीचा मार्ग ओळखा

बंदराच्या कामावरचे ट्रेलर बहुतेक डांबरी नाहीतर काँक्रीट रस्त्यावर चालतात. त्यांना मातीची धूळ कमी लागते, पण रांगेत उभं राहणं खूप. पुढच्या गाडीचा धूर मागच्या गाडीच्या हवेत येतो. ही काजळी फार बारीक असते. वजनाने थोडीच, पण कागदाची छिद्रं पटकन बुजवते. उरण रस्त्यावर आणि यार्डांत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर दिसायला राखाडी-काळा आणि वजनाला हलका असूनही हवा अडवू लागलेला असतो, तो यामुळे. अशा गाडीला पृष्ठभागावरच कण अडवणारा फिल्टर बरा.

डंपर आणि हायवा यांची गोष्ट उलटी. खडी, मुरूम, भराव यांची धूळ जाडसर, कोरडी आणि वजनदार. कण कठीण, म्हणून झीजही जास्त. इथे फिल्टर किती ग्रॅम धूळ साठवू शकतो हे महत्त्वाचं, आणि त्याच्या आधी प्री-क्लीनर असणं त्याहून महत्त्वाचं. हवा गरगर फिरवून जड कण बाहेर फेकणारा सायक्लोन प्रकारचा प्री-क्लीनर मोठी धूळ फिल्टरपर्यंत पोचूच देत नाही. काजळीवर मात्र त्याचा काही उपयोग नाही, ती हवेबरोबर सरळ आत जाते. त्यामुळे कंटेनरवाल्याने प्री-क्लीनरवर जादा पैसे घालण्यात अर्थ नाही. खाणवाल्याने तो नसेल तर आधी तोच बसवून घ्यावा. आधी फिल्टरच्या घराच्या (तो ज्या डब्यात बसतो त्या हाउसिंगच्या) आणि गाडीच्या कंपनीशी बोलून घ्या, कारण चुकीच्या मापाचा प्री-क्लीनर हवेची वाट अरुंद करतो.

सिमेंटचे बल्कर (सुटं सिमेंट नेणारे टँकर) आणि आरएमसीचे (तयार काँक्रीटचे) मिक्सर यांना मी वेगळ्या रांगेत ठेवतो. तळोजा, महापे, कासारवडवली अशा भागांत ते रोज प्लांटच्या आवारात उभे असतात. सिमेंटची भुकटी फार बारीक आणि आपल्याकडची हवा दमट. कागदावर बसलेलं सिमेंट ओल धरतं, घट्ट होतं आणि मग हवा मारूनही सुटत नाही. अशा गाडीचा फिल्टर साफ करून पुन्हा वापरायचा विचारही करू नका.

भिवंडीच्या यंत्रमागांच्या भागात फिरणाऱ्या गाड्यांना सुताच्या तुसाचा त्रास असतो. तूस घड्यांच्या तोंडाशी जाळं धरतं आणि आतला कागद कोरा असूनही हवा अडते. कांदा-बटाटा, धान्य घेऊन वाशीच्या एपीएमसीत येणाऱ्या गाड्यांचंही तसंच : साल, कोंडा, भुसा. इथे महागड्या कागदापेक्षा हवा घेणाऱ्या पाइपाच्या तोंडावरची जाळी शाबूत असणं आणि ती दर आठवड्याला हाताने साफ होणं जास्त कामाचं.

बहुतेक गाड्या दोन-तीन प्रकारांत मोडतात. तेव्हा सगळ्यांत वाईट धुळीत गाडी महिन्याचे किती दिवस असते ते बघा आणि त्यावरून निवड करा.

दुसरी पायरी : माप आणि पार्ट नंबर

५.९ लिटरचं सहा सिलिंडरी टर्बो इंजिन २,५०० आरपीएमवर फिरताना नुसत्या आकारमानाने मिनिटाला सात हजार लिटरच्या वर हवा घेतं. टर्बो जवळपास दुप्पट हवा कोंबतो, म्हणजे फिल्टरमधून मिनिटाला १३-१४ हजार लिटर हवा जाते. एवढी हवा सहज जाईल इतका कागद आत घडी घालून बसवलेला असतो. कागदाचं क्षेत्रफळ कमी केलं की हवा वेगाने जाते, ओढ वाढते आणि फिल्टर लवकर भरतो. बाहेरून हे कळत नाही. उंची तीच, व्यास तोच, फक्त घड्या कमी.

म्हणून पार्ट नंबर गाडीच्या मॅन्युअलमधून किंवा फिल्टरच्या घरावरच्या लेबलवरून घ्या, जुन्या फिल्टरवरून नाही. जुना कुणी कुठला बसवलाय हे कोण सांगणार? बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची नावं सारखी असली तरी फिल्टर वेगळे असू शकतात. १ एप्रिल २०२० नंतरच्या गाडीला चासी नंबर दाखवूनच फिल्टर घ्या.

गाडीच्या कंपनीच्या डब्यातला फिल्टर बहुधा फिल्टर बनवणाऱ्या कंपनीकडूनच आलेला असतो. फ्लीटगार्ड, डोनाल्डसन, मान, माहले, एलोफिक अशी नावं आपल्याकडच्या दुकानांत दिसतात. त्यांच्या कॅटलॉगमध्ये गाडीच्या कंपनीच्या पार्ट नंबरासमोर त्यांचा स्वतःचा नंबर दिलेला असतो. तो जुळला तर त्यांच्या डब्यातला फिल्टर निर्धास्त घ्या, अनेकदा स्वस्तही पडतो. 'सेमच आहे, बसेल' हे दुकानदाराचं वाक्य पुरेसं नाही. बसणं वेगळं आणि सील होणं वेगळं.

तिसरी पायरी : कागद कोणता

साधा फिल्टर म्हणजे राळ लावलेला सेल्युलोजचा कागद. पक्क्या रस्त्यावरच्या, कोरड्या, मध्यम धुळीच्या कामाला तो पुरतो. यात धूळ कागदाच्या आत खोलवर शिरून अडकते. त्याचं वैर पाण्याशी. भिजला की मऊ पडतो, घड्या एकमेकींना चिकटतात, हवा अडते आणि जास्तच ओढ बसली तर कागद फाटतो. म्हणून जून ते सप्टेंबर चालणाऱ्या आपल्या पावसात सेल्युलोजमध्ये सिंथेटिक तंतू मिसळलेला कागद मला जास्त भरवशाचा वाटतो. ओला झाला तरी तो आकार धरून राहतो.

नॅनोफायबर हा तिसरा प्रकार. साध्या कागदावर अतिसूक्ष्म तंतूंचा पातळ थर दिलेला असतो. धूळ आणि काजळी वरच्या वर अडते, आत शिरत नाही. नवा कोरा असल्यापासूनच हा फिल्टर चांगला अडवतो आणि हेच त्याचं खरं मोल. साध्या कागदाची अडवण्याची ताकद सुरुवातीला कमी असते. त्याच्यावर धुळीचा पातळ थर बसला की ती वाढते. म्हणजे साधा फिल्टर वारंवार बदलणारा माणूस इंजिनाला सतत त्याच्या सर्वांत कमजोर दिवसांची हवा देत असतो.

माझं मत सरळ आहे. खाण, भराव, आरएमसी, बंदरातली रांग यांतलं काहीही रोजचं असेल तर नॅनोफायबरला जादा पैसे द्या. नाशिक-ठाणे किंवा पुणे-नवी मुंबई अशी हायवेवरची गाडी असेल तर चांगल्या कंपनीचा मिश्र कागद पुरे.

विक्रेत्याकडे माहितीपत्रक असेल तर त्यात आयएसओ ५०११ हे नाव शोधा. इंजिनाच्या हवेच्या फिल्टरांची चाचणी घेण्याची ती आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यात ठरलेल्या प्रतीची धूळ फिल्टरवर सोडून तीन गोष्टी मोजतात : किती अडवली, हवेला किती अडथळा झाला आणि भरेपर्यंत किती ग्रॅम धूळ मावली. कार्यक्षमतेचे आकडे दोन असतात, सुरुवातीचा आणि पूर्ण आयुष्याचा. नुसता दुसराच छापला असेल तर पहिला विचारून घ्या. चाचणीची धूळ बारीक होती की जाडसर हेही विचारा, कारण जाडसर धुळीवर कुठलाही फिल्टर हुशार दिसतो.

कारच्या दुकानात मिळणारे तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन वापरायचे फिल्टर ट्रकला लावू नका. आपल्याकडच्या धुळीला ते पुरे पडत नाहीत आणि त्यांचं तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकतं. जुन्या गाड्यांमधला ऑइल बाथ (हवा ऑइलवरून नेऊन धूळ पकडणारा फिल्टर) अजून कुठे चालू असेल तर ऑइलची पातळी खुणेवर ठेवा आणि चिखल झाला की ऑइल बदला. कागदाइतकं अडवणं त्याला जमत नाही.

चौथी पायरी : सील, जिथे सगळा खेळ होतो

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त जोर देईन. कागद कितीही भारी असो, सीलच्या कडेने केसाएवढी फट राहिली की मळकी हवा कागद टाळून सरळ टर्बोत जाते. इंजिनात गेलेल्या धुळीचा माग काढत गेलात तर कागदापेक्षा सील, होज (हवेचे रबरी पाइप) आणि क्लॅम्प हेच जास्त वेळा सापडतात.

सील दोन तऱ्हेचे. जुन्या रचनेत फिल्टरच्या टोकावर सपाट गॅस्केट असतं आणि मधला बोल्ट किंवा विंग नट आवळला की ते दाबलं जातं. बोल्ट ढिला, त्याखालचं वॉशर गहाळ किंवा घराचा तळ पिचलेला असला की सील गेलं. नव्या रचनेत फिल्टरच्या तोंडाचीच जाड पॉलियुरेथेनची कडी हवेच्या नळीवर घट्ट बसते. इथे कडीचा व्यास आणि मऊपणा हेच सर्वस्व. लोकल मालात कडी कडक असते किंवा एखाद्या मिलिमीटरने सैल. हाताने ढकलताच फिल्टर सहज आत सरकला तर खूश होऊ नका. चांगली कडी बसताना थोडा जोर मागते आणि शेवटी पक्की बसल्याचं हाताला कळतं.

दुकानात अंगठ्याने कडी दाबून बघा. दाबली जाऊन लगेच पूर्ववत झाली पाहिजे. चीर, बुडबुडे, चिकटपणा नको.

पाचवी पायरी : दुकानात फिल्टर हातात घेऊन बघा

डबा उघडायला लावा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. डब्यावरचा पार्ट नंबर आणि फिल्टरच्या टोकावर छापलेला नंबर एकच आहे ना, एमआरपी, बॅच आणि उत्पादनाचा महिना आहे ना, क्यूआर कोड असेल तर कंपनीच्या ॲपवर तो खरा ठरतो ना, हे तिथेच बघा.

मग घड्यांकडे या. चारही बाजूंना अंतर सारखं हवं. एकीकडे दाट आणि दुसरीकडे विरळ असेल तर हवा विरळ बाजूने जास्त जाईल आणि तो भाग आधी भरेल. शेजारी ओरिजिनल असेल तर दोन्हींच्या एका इंचातल्या घड्या मोजा. नकली माल इथेच पकडला जातो. आतून मोबाइलचा टॉर्च लावा : उजेड सगळीकडून एकसारखा मंद दिसावा, कुठेही लख्ख ठिपका नको. कागद आणि टोकाची टोपी जिथे चिकटवली आहे तिथे गोंदात पोकळ्या नाहीत ना हे बोट फिरवून तपासा. पत्र्याच्या जाळीला गंज असेल तर तो फिल्टर परत करा. समुद्राच्या खाऱ्या हवेत तो गंज वाढतो आणि त्याचे कण स्वच्छ बाजूला सुटू शकतात. वजनावरून काही ठरवू नका, नकली फिल्टर कधी कधी जास्तच जड असतो.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर उद्या इंजिनाचा दावा करताना हा कागद लागेल.

ज्या गाडीत दोन फिल्टर आहेत, बाहेरचा मोठा आणि आतला लहान सेफ्टी, तिथे सेफ्टीही खात्रीचाच घ्या. बाहेरचा फाटला किंवा बदलताना धूळ पडली तर इंजिन वाचवायचं काम तो करतो. काही ठिकाणी 'हवा मोकळी होते, ॲव्हरेज वाढतं' म्हणून तो काढून टाकतात. असं कुणाला करू देऊ नका. सेफ्टी कधीच साफ करायचा नसतो. मॅन्युअल सांगेल तेव्हा, बहुतेक गाड्यांत बाहेरच्याच्या दर दुसऱ्या-तिसऱ्या बदलाला, नवा घालायचा.

किंमत कशी तोलायची

समजा चांगला फिल्टर २,४०० रुपयांना पडला आणि तुमच्या मार्गावर ४० हजार किलोमीटर चालला. लोकल १,१०० ला मिळाला आणि १८ हजारांत भरला. दोन्हींचा खर्च किलोमीटरला सहा पैशांच्या आसपास. लोकल जास्त वेळा बदलायची मजुरी आणि गाडी उभी राहण्याचं नुकसान धरलं तर तो महागच. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे टाका. पण प्रत्येक फिल्टरच्या डब्यावर बसवल्याचं किलोमीटर लिहून ठेवलं नसेल तर हा हिशेब कधीच करता येणार नाही.

सहावी पायरी : कधी बदलायचा हे इंडिकेटरला विचारा

काळा दिसला म्हणून फिल्टर भरलेला नसतो, आणि स्वच्छ दिसला म्हणून चांगला नसतो. फिल्टरच्या घरावर किंवा त्यापुढच्या पाइपावर बसवलेला इंडिकेटर हवेची ओढ मोजतो. बऱ्याच ट्रकमध्ये पाण्याचा स्तंभ २० ते २५ इंच, म्हणजे साधारण ५०० ते ६३५ मिलिमीटर, उचलेल एवढ्या ओढीला तो लाल होतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. नव्या गाड्यांत हेच काम सेन्सर करतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

गाडी आयडलवर असताना इंडिकेटर बघून उपयोग नाही, तेव्हा हवा कमी लागते. भरलेली गाडी कसारा घाट किंवा बोरघाट पूर्ण जोरात चढत असते तेव्हा खरी ओढ बसते. लाल पट्टी वर आली की बहुतेक इंडिकेटर तिथेच अडकून राहतात, त्यामुळे घाट चढून आल्यावर गाडी थांबवून बघता येतं. इंडिकेटर कधीच हलत नसेल तर फिल्टर उत्तम आहे असं समजू नका. नळी तुटलेली किंवा इंडिकेटर बिघडलेला असू शकतो. इंजिन चालू असताना हवेच्या तोंडावर जाड पुठ्ठा काळजीपूर्वक थोडासा सरकवला तर इंडिकेटर हलायला हवा. हाताने हे करू नका.

लाल होण्याआधी बदलला तर पैसे वाया जातात आणि घर उघडताना धूळ आत पडायची एक संधी वाढते. लाल झाल्यावर ढकलत राहिलात तर धूर वाढतो, ॲव्हरेज पडतं, टर्बोच्या सीलमधून ऑइल ओढलं जाऊ शकतं आणि बीएस-६ मध्ये डीपीएफ वारंवार रिजनरेशन मागतो. वर्षभरात लाल झालाच नाही तरी मॅन्युअलमधली कालमर्यादा पाळा, कारण कागद आणि कडी जुनी होतात.

पावसात हा नियम थोडा बदलतो. इंडिकेटर मुसळधार पावसात लाल झाला आणि कोरड्या दिवशी रीसेट केल्यावर हिरवाच राहिला, तर कागद ओला झाला होता असं समजा आणि फिल्टर काढून नीट तपासा. कळंबोलीसारख्या सखल भागात पाणी भरलं असेल तर आपल्या गाडीचं हवेचं तोंड किती उंचीवर आहे हे ड्रायव्हरला माहीत असलं पाहिजे. लहान गाड्यांत ते बरंच खाली असतं. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कुठलाही फिल्टर ते थांबवू शकत नाही.

हवा मारणं

टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने फिल्टरला हवा मारणं ही आपल्याकडची रोजची सवय आहे. ट्रकच्या टायरला १०० ते १२० पीएसआय लागतात, म्हणजे त्या कॉम्प्रेसरचा दाब त्याहून वर. ज्या कंपन्या साफ करायला परवानगी देतात त्या बहुधा ३० पीएसआयपर्यंतच, तेही आतून बाहेर आणि नोझल लांब धरून. जादा दाबाने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. त्यानंतर इंडिकेटर हिरवाच राहतो, कारण हवा त्या भोकांतून मोकळी जाते. मालकाला वाटतं फिल्टर छान चाललाय.

टायरवर आपटणं, धुणं, डिझेलने साफ करणं हे प्रकार तर नकोच. नॅनोफायबरचा वरचा थर यात हमखास जातो. माझ्या गाडीला मी हवा मारू देणार नाही. तुम्हाला मारावीच लागली तर रेग्युलेटर लावून, फक्त बाहेरच्या फिल्टरला, एकदाच, आणि नंतर आतून दिवा लावून बघून.

सातवी पायरी : बसवताना

घर उघडण्याआधी बाहेरची धूळ ओल्या फडक्याने पुसा. जुना फिल्टर हळू फिरवत, सील सोडवत काढा, झटका देऊ नका. काढल्यावर आधी स्वच्छ बाजूकडे बघा. कडी जिथे बसते तिथून आत धुळीची रेघ गेलेली दिसली तर सील गळत होतं. ती रेघ पुसून टाकण्याआधी कारण शोधा.

सेफ्टी जागेवर असतानाच घर पुसा, म्हणजे धूळ पाइपात पडणार नाही. हवेच्या नळीची सीलची जागा आत-बाहेर दोन्हीकडून स्वच्छ करा. सेफ्टी बदलायचा असेल तर जुना काढून पाच मिनिटं पाइप उघडा ठेवू नका, लगेच नवा घाला. नवा फिल्टर कडेला धरून, तळहाताने टोकाच्या कडेवर दाबून बसवा. मध्यभागी दाबलंत तर टोपी वाकते. झाकण जबरदस्तीने लावून फिल्टर आत ढकलू नका. झाकण सहज बसत नसेल तर फिल्टर नीट बसलेला नाही.

घराच्या तळाशी असलेली रबराची धूळ-झडप बघा. ओठ मऊ आणि एकमेकांना मिटलेले हवेत. चिखलाने भरली असेल तर साफ करा, फाटली असेल तर बदला. ती तुटून पडली की खालची मळकी हवा आणि पावसाचं पाणी दोन्ही आत येतात.

आता फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा प्रत्येक होज हाताने वाकवून बघा, खालची बाजू आरशाने. चिरा बहुधा तिथेच असतात. अनेक ट्रकांमध्ये ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर आपली हवा याच स्वच्छ पाइपातून घेतो. त्या बारीक नळीचा क्लॅम्प ढिला असला तरी धूळ आत जाते आणि हे ठिकाण मेस्त्रीही विसरतात. क्लॅम्प स्क्रूच्या पट्टीऐवजी टी-बोल्टचे असतील तर जास्त टिकतात.

शेवटी इंडिकेटर बटण दाबून रीसेट करा. घरावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा.

नंतरची तपासणी

टर्बोच्या आधीच्या होजमध्ये, स्वच्छ बाजूला, आतून बोटभर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि आठवडाभर गाडी चालवा. होज सोडून ते ग्रीस पांढऱ्या फडक्यावर घ्या आणि बोटांनी चोळा. खरखर लागली तर कुठून तरी धूळ येते आहे. गठ्ठे राहू देऊ नका, टर्बोत ग्रीस जाता कामा नये.

गाड्या पाच-दहा असतील तर ऑइल बदलताना नमुना प्रयोगशाळेत द्या. इंजिन गरम असताना, ऑइल काढण्याच्या मध्यावर नमुना घ्या. अहवालात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम दोन्ही वर जात असतील आणि बरोबरीने लोह वाढत असेल तर धूळ आत येत आहे. एकट्या सिलिकॉनवरून घाबरू नका. नव्या ऑइलमध्येही फेस रोखणाऱ्या घटकामुळे थोडं असतं आणि गॅस्केटच्या सीलंटमुळे काही काळ वाढतं. म्हणून त्याच ब्रँडच्या नव्या ऑइलचा एक अहवाल जवळ ठेवा आणि दर नमुना त्याच्याशी ताडून बघा. धूळ दिसलीच तर फिल्टर बदलण्याआधी सील, होज आणि कॉम्प्रेसरची नळी या क्रमाने तपासा.

जादा फिल्टर घेऊन ठेवत असाल तर तो डब्यातच, आडवा न ठेवता उभा, जमिनीपासून वर आणि कोरड्या जागी ठेवा. केबिनच्या मागच्या पेटीत ताडपत्री आणि जॅकबरोबर टाकलेला फिल्टर पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याच्या घड्या दबतात. तसा फिल्टर बसवण्याआधी पाचव्या पायरीतली टॉर्चची आणि कडीची तपासणी पुन्हा करा, शंका आली तर बसवू नका.